दोन बोटं

नऊला पाच कमी असताना सासूबाई कूलर एकवर आणतात,
नाहीतर एक डायलॉग ऐकू येत नाही.
बाहेर हुडकेश्वर रोड अजून तापलेला,
दुपारी सेहेचाळीस होतं, रात्रीचा आकडा कोण पाहतो.
आम्ही चौघं एकाच झोतात,
मधे स्टीलच्या ताटात खरबुजाच्या फोडी.

मालिकेतल्या त्या इन्शुरन्सवाल्याने
आज पुन्हा तिला कपाटात कोंबलंय.
बायको माहेरून एक दिवस आधी आली.
(त्यांच्याकडच्या सगळ्याच बायका एक दिवस आधी येतात.)
कपाटाच्या फटीतून गुलाबी ओढणीचं टोक बाहेर,
तो रुमाल समजून त्यालाच घाम पुसतो
आणि कुठल्याशा न दिसणाऱ्या हॉलमधली माणसं
खो खो हसतात.

माझा नवराही हसतो.
नावच खुशाल, हसतोही खुशाल.
फक्त हॉलमधले हसले की मग,
अर्ध्या श्वासाने मागून.
पूर्वी तो आधी हसायचा.

होळीनंतर चौकाचौकात मागे बसणाऱ्याचंही चलान फाडू लागले
तेव्हा त्याने दुसरं हेल्मेट आणलं. निळं.
म्हणाला, हे तुझं.
एकदा सक्करदऱ्याला दाढ काढायला, एकदा कामठीच्या लग्नाला,
दोनदा घातलं मी.
तिसऱ्यांदा पट्टा लागेना.
दोन बोटं आत ओढलेला होता,
कुणाच्यातरी लहान हनुवटीच्या मापाने.
खुशाल पेट्रोलचा काटा पाहत होता.
मी पट्टा सैल केला आणि मागे बसले.

आठ दिवसांनी कचऱ्याची पिशवी घेऊन रात्री खाली गेले,
डिक्की उघडली.
दोन बोटं आत.
नाक घालून पाहिलं हेल्मेटमध्ये.
मला वाटलं होतं सेंट असेल, महागातलं काही.
साधं खोबरेल तेल होतं.
माझ्याच डोक्यासारखं.
त्या रात्री मला रडू आलं ते त्या तेलाचं.

तेव्हापासून मी सैल करते,
गुरुवारपर्यंत ते घट्ट होतं.
गुरुवारी त्याला बुटीबोरीत ओव्हरटाइम असतो.
तिला दर वेळी सैलच सापडत असणार,
तीही दोन बोटं ओढून घेते, काही बोलत नसणार.
आम्हा दोघींचा एवढाच पत्रव्यवहार,
आणि पोस्टमनला वाचता येत नाही.

ती कुठे राहते माहीत नाही.
पण नऊ वाजता तो रोज इथेच असतो, हे मला माहीत आहे,
आणि हे तिलाही माहीत असणार.
तीही हेच लावून बसत असेल का?
कपाटातली बाई शिंकली की
तिच्या खोलीत कोण हसतं?

"काऊन व," सासूबाई फोड चघळत म्हणाल्या,
"त्या कपाटातल्या बाईले उकडत नसंन का?"

नेमका तेव्हाच ब्रेक लागला.
हॉलमधली माणसं गप्प.
साबणाची जाहिरात सुरू व्हायच्या आत जेवढी शांतता असते
तेवढी शांतता.

"उकडत असंन नं, आई," मी म्हटलं.
"मे महिना हाय."

खुशाल उठला. म्हणाला, कूलरमध्ये पाणी टाकतो.
टाकी मी सहालाच काठोकाठ भरली होती.
तरी गॅलरीत पाइप सोडल्याचा आवाज आला,
मग पाणी फरशीवर पडल्याचा,
मग खालच्या डवरेकाकू ओरडल्याचा.

ब्रेक संपला.
कपाटाची कडी हलायला लागली.
"बाबा, या नं लवकर,"
श्रुतिका तोंडात बी धरून ओरडली,
"बाई बाहेर निघून राहिली!"

पाइप चालूच होता.